वरच्या अंगाचा झरा

विहिरीचं पाणी हिरवं पडलं तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला होता, "हिरवं म्हंजे ताजं की." बाकीचे हसले आणि गुडघे पोटाशी घेऊन धडाधड मुटके मारून मोकळे झाले. मी टॉवेल खांद्यावर टाकून काठावर उभा होतो. या लोकांशी बोलण्यात अर्थ नाही हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. पण आपला स्वभावच बोलायचा. गेली काही वर्षं मी बोलतोय, ते ऐकतायत, आणि ऐकून झालं की पुन्हा उडी मारतायत.

आधी विहिरीचं सांगतो, नाहीतर एका विहिरीसाठी हा माणूस एवढा का पेटलाय असं वाटायचं. माझं राजारामपुरीत चष्म्याचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर क्लास, शेजारी क्लास, समोर क्लास, त्यामुळे पोरांच्या डोळ्यांवर माझं बरं चाललंय. दुकान उघडायच्या आधी, पहाटे, आम्ही पाच-सहा जण गाड्यांवरून गगनबावड्याच्या रस्त्याला लागतो. शहर सुटलं, ऊस सुरू झाला, की डाव्या हाताला एक कच्ची वाट आत जाते. तिथं चाचांची विहीर आहे. चाचा म्हणजे तिथले शेतकरी. त्यांच्या आजोबांनी ती दगडात बांधून काढली. पिण्याचं पाणी त्यांना नळाचं आहे, विहीर उसाला आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्यांना. असे पोहणारे ग्रुप कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकाला आपलीच विहीर जगात भारी वाटते.

आमचे बाकीचे पोट कमी करायला येतात. ते काही होत नाही, कारण नंतर मिसळ असते. माझं तसं नाही. लहानपणी ताप आला आणि माझा डावा पाय बारीक राहिला. शाळेत मी कडेला उभा राहून दुसऱ्यांच्या चपला सांभाळायचो. मग एका उन्हाळ्यात वडिलांनी मला याच विहिरीवर आणलं, पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि ढकलून दिलं. दोन दिवस मी बोंबललो. तिसऱ्या दिवशी मलाच बाहेर यायचं नव्हतं. कारण अगदी साधं आहे. त्या विहिरीत तळ लागत नाही. पाय टेकायचाच नसला तर लंगडायचं कशानं? जमिनीवर मी सगळ्यांच्या मागं, पाण्यात मास्तरसुद्धा माझ्या मागं. आमचे मास्तर म्हणजे ग्रुपचे म्होरके, शाळेत खेळ शिकवून रिटायर झालेले, आणि त्यांना मागं राहायची सवय नाही. दिवसातला तो अर्धा-पाऊण तास मी धड माणूस असतो. उरलेला दिवस काउंटरमागं बसून काढता येतो, पण त्या अर्ध्या तासाच्या जोरावर.

पोहून झालं की शहरात परत, आणि थेट कट्ट्यावर. कट्टा म्हणजे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, समोर धार काढायची आणि फेसाळतं दूध ग्लासात. बाहेरचे पाहुणे तोंडं वाकडी करतात, पण आम्हाला त्याशिवाय पोहल्यासारखं वाटत नाही. आमचा ठरलेला कट्टा पैलवानांचा. त्यांना सगळे पैलवानच म्हणतात. तरुणपणी कुस्ती केली, मग वडिलांच्या म्हशी सांभाळल्या. पूर्वी आठ-दहा होत्या. शेण चाचांसारखे शेतकरी गाडी लावून न्यायचे, राहिलेल्याच्या पैलवानांच्या घरच्या बायका शेणी थापायच्या, आणि होळीच्या सुमारास त्यातला एक ढीग मसणात द्यायचा. आमच्याकडं माणसाला शेवटी शेणीच लागतात, त्यामुळे ते पुण्याचं काम. शेण कुठं गेलं असा प्रश्न तेव्हा पडायचा नाही, कारण ते पुरायचंच नाही.

मग पैलवान वाढले. चाचांच्या विहिरीच्या वरच्या अंगाला माळ होता, तो त्यांनी घेतला आणि पत्र्याची लांबच लांब शेड टाकली. तीत म्हशी किती, हे पैलवान स्वतःही नीट सांगत नाहीत, नजर लागते म्हणतात. पण एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाची म्हैस मला चष्म्यातूनही धड दिसत नाही. खाली रबराच्या गाद्या, वर पंखे, गव्हाणीत मुरघास आणि पोत्यातली पेंड. दूध टँकरनं जातं. देखण्या चार-पाच म्हशी तेवढ्या कट्ट्यावर उभ्या करायला शहरात आणतात. आम्ही त्या चार-पाचांकडं बघत दूध पितो आणि म्हणतो, घरच्यासारखं आहे.

घोळ झाला तो शेणाचा. एवढ्या म्हशींखालचं शेण फावड्यानं ओढायला माणसं मिळत नाहीत. म्हणून पाइपनं फवारा मारतात, दिवसातून तीनदा. शेण, मूत, पाणी सगळं एक होऊन पातळ होतं आणि गटारीनं शेडच्या मागच्या खड्ड्यात जातं. खड्डा नुसता मातीत खणलेला, त्याला ना फरशी ना प्लास्टिकचा कागद. असल्या पातळ शेणाच्या शेणी होत नाहीत आणि ते गाडीतही भरता येत नाही. ते तिथं साठतं, वरून त्याला साय धरते, उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगून बाहेर येतं. वारा आमच्याकडं असला की गाडी स्टँडवर लावायच्या आतच नाकाला कळतं. हेल्मेटच्या आतल्या स्पंजाला तो वास बसलाय. बायको ते आता जिन्यात ठेवायला लावते.

पहिल्यांदा पाणी हिरवं झालं. मग मासे पालथे पडले, विहिरीत शेवाळ खायला सोडलेले. मग बाहेर आल्यावर अंग खाजायला लागलं. यावर आमच्या विद्वानांनी उपाय काढला: उतरायच्या आधी खोबरेल तेल चोळायचं. रोज पहाटे हे सगळे तेल लावून काठावर चमकत उभे. मी म्हणालो, अहो वरून काय येतंय ते बघा की. मास्तर म्हणाले, तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसती. मला खोट दिसते कारण माझ्या पायाला ती पहिल्यांदा लागते. त्या पायात रक्त कमी फिरतं. ओरखडा उठला तरी तो महिनाभर भरत नाही. त्या पावसाळ्यात पोटरीवर फोड आले, ते फुटले, चिघळले, आणि आमच्या डॉक्टरांनी मलमपट्टी करता करता सांगून टाकलं की विहीर बंद. मी म्हणालो, कायमची? त्यांनी माझ्याकडं न बघता चिकटपट्टी कापली. म्हणाले, पाणी सुधारलं तर बघू.

शहरातल्या तलावावर जाऊन बघितलं. तिथल्या माणसानं माझ्या पायाकडं एकदा, माझ्या वयाकडं एकदा बघितलं आणि सांगितलं की सोबत घरचं कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे. ज्यानं अख्खं आयुष्य खोल विहिरीत काढलं त्याला हे सांगतो. मी तिथं काय बोललो ते लिहीत नाही. तिथं परत गेलो नाही एवढं खरं.

मग मी चाचांकडं गेलो. विहीर त्यांची, त्यांनी बोलायला नको? चाचा भले माणूस, पण त्यांनी मला बांधावर नेऊन ऊस दाखवला. पान काळंभोर. म्हणाले, हे पाणी सोडायला लागल्यापासून युरियाचं पोतं फोडावं लागत न्हाय, मोटर चालू केली की खत चालू. मी म्हणालो, चाचा, विहिरीतनं खत येतंय याचं तुम्हाला काहीच वाटत नाही? ते हसले. ऊस मात्र त्या वर्षी एवढा माजला की वाऱ्यात आडवा झाला, आणि तोडणीवाल्यांनी तो तोडताना चाचांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तरी चाचा म्हणतात, वाऱ्याचा दोष.

दोन कार्यालयांतही जाऊन आलो. एकात म्हणाले, गोठा म्हणजे शेती, हे आमच्याकडं येत नाही. दुसऱ्यात म्हणाले, एवढ्या म्हशी म्हणजे कारखानाच झाला, ते आमच्याकडं येत नाही. मी विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं होतं. टेबलावर ठेवलं तर साहेब म्हणाले, आधी झाकण लावा. त्या घटकेला मला वाटलं, यांना कळलं. पण त्यांना फक्त वास आला होता.

शेवटी ग्रुपला म्हणालो, चला, सगळे मिळून पैलवानांशी बोलू. कुणाला भीड पडली, कुणाच्या घरी त्यांचंच दूध रतिबाला. एकानं आठवण करून दिली की दिवाळी पाडव्याला पैलवानांची म्हैस सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटरसायकलमागं कशी पळाली होती, सगळं कोल्हापूर बघत राहिलं होतं. बरं, मग? त्या म्हशीची शिंगं मोरपिसांनी सजवली म्हणून तिचं शेण माझ्या विहिरीत चालतं? असं मी विचारलं, तर सगळे मीच काहीतरी वंगाळ बोलल्यासारखे गाड्यांना किका मारायला लागले.

एकटाच गेलो. पैलवानांनी खाट टाकली, दूध दिलं, पायाची चौकशी केली. मी खड्ड्याचं बोललो. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पण ते मनापासून बुचकळ्यात पडले.

"शेण हाय ओ ते," ते म्हणाले. "विष न्हवं. शेणानं आपण अंगण सारवतो. देवापुढची जागा सारवतो. शेणानं कधी पाणी बाटतंय व्हय?"

मी लहानपणापासून शेणानं सारवलेल्या जमिनीवर जेवलोय. मी म्हणालो, पैलवान, अंगणाला पाटीभर लागतं, तुमच्याकडं तळं आहे. ते म्हणाले, मग म्हशी कमी करू म्हणता? आणि हळूच विचारलं, सकाळी कट्ट्यावर लाईन कोण लावतंय? माझ्या हातात त्यांच्याच दुधाचा ग्लास होता. तो मी तसाच ठेवायला हवा होता, पण दूध चांगलं होतं.

उन्हाळा आला तसा मास्तरांना झटका आला. आपली विहीर, आपण साफ करू. सगळं पाणी उपसायचं, गाळ काढायचा, दगड घासायचे. कल्पना वाईट नव्हती. पण पंप कुणाचा? पैलवानांचा, खड्ड्यातलं शेण ओढायचा. माणसं कुणाची? पैलवानांची. आणि मग एवढी मदत करणाऱ्या माणसाचा मान नको ठेवायला? म्हणून फेटा आणला, नारळ आणला, आणि ज्याच्या खड्ड्यानं विहीर नासली त्याचा तिच्याच काठावर सत्कार केला. मास्तरांनी भाषण केलं. पाणी म्हणजे जीवन वगैरे. मला टाळ्या वाजवायला पुढं उभं केलं होतं. अशी चूक आमच्याकडचीच माणसं करू जाणोत, आणि तीही एवढ्या प्रेमानं की तोंड उघडणाराच वाईट ठरतो.

पाणी उपसून झालं. गाळ चाचांनी उसासाठी नेला. विहीर रिकामी झाली तसे सगळे खाली उतरले, मीही भिंतीला धरत पायरी पायरीनं उतरलो. एवढी वर्षं त्या विहिरीत काढली, पण तिचा तळ मी पहिल्यांदा बघत होतो. खाली उभा राहिलो आणि दोन पावलं टाकली, आणि लंगडलो. ज्या एका जागी आजवर कधी लंगडलो नव्हतो तिथं लंगडलो. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण बाकीचे दगड घासत गाणी म्हणत होते, त्यामुळे मीही ब्रश घेतला.

दुपार कलली तसे सगळे भिंतीला टेकून झरा फुटायची वाट बघत बसले. उपसलेल्या विहिरीत नवं पाणी येताना बघणं ही मोठी मौज असते. पहिल्यांदा खालच्या अंगानं, ओढ्याच्या बाजूनं, दगडाच्या सांध्यातून बारीक धार आली. काचेसारखं पाणी. मास्तरांनी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. कुणीतरी म्हणालं, बघ, म्हणत होतो की नाही, साफ केल्यावर सगळं जाग्यावर येतंय. आणि मग वरच्या अंगाला, गोठ्याच्या बाजूला, दगड ओले झाले. तिथूनही धार आली, खालच्यापेक्षा जाड. चहासारखी, वर थोडा फेस, आणि पाठोपाठ तो वास. माझ्या हेल्मेटमधला.

दोन्ही पाणी तळाला येऊन एकमेकांत मिसळत होती. पाण्यात वरून काही पडत नव्हतं. ते जमिनीतनंच येत होतं. एवढं उघड, एवढं स्पष्ट, लहान पोरालाही दिसेल असं. मी मनात म्हणालो, झालं, आता तरी बोला.

एक जण म्हणाला, "लाल मातीचं असंल."

मी कपाळावर हात मारला. पण पैलवान उठले. फेटा अजून डोक्यावरच होता. त्यांनी त्या धारेखाली हात धरला, नाकाशी नेला आणि टॉवेलला पुसला. ज्याचा जन्म गोठ्यात गेला त्याला वेगळं काय सांगायचं? वर चढताना त्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं. पायऱ्यांवरच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "माझंच हाय ओ ते."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं खरं म्हणालं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मी विचारलं, मग आता? पैलवानांनी थोडा विचार केला. म्हणाले, खड्ड्याला कागद घालायचाय, घालू की, पाऊस होऊ दे, पाडवा होऊ दे. आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"तुमची सोय करतो," ते म्हणाले.

सोय अशी. शेडच्या मागं म्हशींसाठी सिमेंटचा हौद आहे. दुपारी ऊन वाढलं की गटागटानं म्हशी त्यात सोडतात, त्यानं दूध चांगलं येतं म्हणतात. पाणी खोल बोअरचं, अगदी नितळ. हौद रोज पहाटे नव्यानं भरतात. म्हशी उतरायच्या आधी तुम्ही पोहा, पैलवान म्हणाले. ग्रुपमध्ये ही बातमी कळली तेव्हा सगळे गहिवरले. किती मोठं मन माणसाचं, मास्तर म्हणाले. आणि हे सगळे स्वतः तेल चोळून पुन्हा विहिरीत उतरायला लागले, कारण साफ तर केली होती.

मी जाणार नव्हतो. पण दुकानात बसून कंबर धरली, पाय आखडला, आणि बायको म्हणाली, तुमची कटकट ऐकण्यापेक्षा म्हशींनी ऐकलेली बरी. म्हणून एका पहाटे गेलो. पैलवानांनी हौदाच्या पायऱ्यांना माझ्यासाठी लोखंडी रेलिंग बसवून घेतलं होतं, रंगही दिला होता. इतकं केल्यावर त्या माणसावर चिडायचं तरी कसं? हेच तर माझं दुखणं आहे.

उतरलो. पाणी छातीएवढं. चार हात मारले की भिंत, वळलं की परत भिंत. दमून जरा थांबलो तर पाय फरशीला टेकले. विहिरीत काळ्या पाण्यात मला माझे पाय कधी दिसले नव्हते. इथं दोन्ही दिसत होते, एक जाड, एक काटकी, सिमेंटवर नीट शेजारी शेजारी. मी भिंतीपर्यंत गेलो तो चालतच गेलो. पाण्यातसुद्धा लंगडत.

बाहेर आलो. पैलवान दुधाचा ग्लास घेऊन उभे होते. कसं वाटलं, विचारलं. मी चांगलं म्हणालो. गड्यानं हौदाचं बूच काढलं, माणूस उतरलेलं पाणी म्हशींना नको, त्यांच्यासाठी पुन्हा भरायचा होता. पाणी गुडगुडत निघालं, शेडच्या गटारीत शिरलं, रात्रीचं शेण उचलून ते पातळ करत पुढं गेलं. ते कुठं जातं हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं.

"कुठं म्हंजे?" पैलवान म्हणाले. "खाली जातंय की."

खालून, चाचांच्या विहिरीतून, मुटक्याचा आवाज आला. पाठोपाठ मास्तर ओरडले की आज पाणी लई भारी हाय, एकटा काय करतोस वर, ये की.